मुळशीचं पाणी आणि एक युनिट

गेल्या शनिवारी मुळशीला गेलो होतो. पाऊस, धुकं, भजी, नेहमीचंच. जिथे उतरलो त्या घरावर 3 किलोवॅटची सोलर पॅनेलं होती. घरमालक काकांनी सरळ विचारलं, "तुम्ही इंजिनिअर ना? व्होल्ट, अँपिअर, वॅट यातलं माझं बिल नेमकं कशाने कमी होतं?" माझी बोबडी वळली. (कॉम्प्युटरवाला आहे हो मी!) उत्तर समोरच्या तलावात होतं, हे घरी आल्यावर सुचलं.

मुळा नदी पूर्वेला, पुण्याकडे वाहते. टाटांनी धरण बांधून तिचं पाणी पश्चिमेला वळवलं आणि बोगद्यातून, पाईपांतून खाली कोकणात भिऱ्याला सोडलं. उतार साधारण 500 मीटर. या उंचीचा दाब म्हणजे व्होल्ट. सेकंदाला किती पाणी वाहतं, ते अँपिअर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. आणि 1000 वॅट तासभर चालले की 1 युनिट. बिल येतं ते या युनिटचं.

आता गंमत बघा. गच्चीवरची 1000 लिटरची टाकी एवढ्या उंचीवरून सोडली तर घट वजा जाता मिळतात जेमतेम सव्वा युनिट. दीड टनाचा एसी तासभर चालेल, बस्स! मुंबईच्या गिरण्या चालवायला एवढा अवाढव्य तलाव का लागला, ते तेव्हा कळलं.

पण त्या तलावाच्या जागी गावं होती, मावळ्यांची भातखाचरं होती. सरकारने ती जमीन कंपनीसाठी संपादन करायला घेतली, तेव्हा 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पुढे पांडुरंग महादेव बापट, सोबत विनायकराव भुस्कुटे. बापटांना 'सेनापती' ही पदवी इथलीच. मला सगळ्यात टोचलं ते वेगळंच. जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या, आणि पुण्यातल्या बऱ्याच सावकारांना भरपाई हवी होती, लढा नको होता. कसणाऱ्याला जमीन हवी, कागदावरच्या मालकाला पैसे. मग फूट पडणारच. 1924 पर्यंत लढा संपला, बापट तुरुंगात गेले. 1927 ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

असो. पॅनेलातही तेच, फक्त पाण्याऐवजी इलेक्ट्रॉन आणि उताराऐवजी ऊन. 1 किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट देतं. काकांची झाली 12, म्हणजे मुळशीच्या साधारण दहा टाक्या, आणि त्यासाठी कुणाचं खाचर बुडालेलं नाही. एकच पंचाईत, रात्री शून्य! तलाव मात्र पाणी धरून ठेवतो आणि संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की सोडतो. म्हणजे आजच्या भाषेत ती एक बॅटरीच.

रविवारी काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आमच्या आजोबांचं एकरभर खाचर आहे त्या पाण्याखाली. त्याच्यावरच्या पाण्याची किती युनिट होतात?"

मीटरभर पाणी धरलं तर सुमारे 4800, मी म्हणालो.

"बरं," म्हणाले. मग पॅनेलं किती दिवसांनी पुसायची ते विचारलं.