काचेमागची सोंगे

पुण्यात १९६२ साली आदिवासी संशोधन संस्था निघाली. तिच्या संग्रहालयात मुखवटे मांडलेले आहेत. जव्हार-मोखाड्याचा माणूस मात्र त्यांना मुखवटे म्हणत नाही. तो म्हणतो सोंगे. बोहाड्याच्या रात्री संबळ वाजू लागला म्हणजे प्रथम गणपती येतो, मग सरस्वती, आणि पहाटेपर्यंत देव-दैत्यांची रीघ लागते. अमुक सोंग नाचविण्याचा मान अमुक घराण्याचा, हे गावात पिढ्यानपिढ्या ठरलेले असते. म्हणजे सोंग ही नुसती लाकडाची किंवा कागदाच्या लगद्याची वस्तू नव्हे; तिच्यामागे हक्क आहे. आणि हक्क म्हटला की आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे कान टवकारतात!

जुन्या संग्रहांची रीत अशी, की वस्तू उचलावी आणि चिठ्ठीवर जमातीचे नाव लिहावे. कोणी घडविली, कोणत्या घरची, हे विचारायचे राहून जाई. १९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठ नाकारली. बिननावाचे काम हीही आमच्या मते एक वेठच.

चित्रांच्या बाबतीत नाव आले, पण कोणाचे? लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहीत त्या सवाशिणी. धवलेरी गाऊन त्यात पालघट देवीला बोलावी. १९७० नंतर हीच चित्रे कागदावर उतरली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात पोहोचले, २०११ साली पद्मश्री झाले. त्यांचा मान रास्तच होता. चौक लिहिणाऱ्या बायांची नावे मात्र कोणत्याच चिठ्ठीवर चढली नाहीत.

अमेरिकेत १९९० साली कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी मूळ रहिवाशांना विचारून याद्या कराव्यात, पूर्वजांच्या अस्थी व पवित्र वस्तू मागितल्यास परत द्याव्यात, असे ठरले. २०२४ साली नियम आणखी कडक झाले. अशा वस्तू मांडण्यापूर्वी त्या जमातीची संमती हवी, असे त्यांत आले, आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाने आपली दोन दालने बंद केली.

आपल्याकडे परत देण्या-घेण्याचा वाद नंतर घालू. आधी चिठ्ठ्या तरी गावात बसून लिहाव्यात. होळीनंतरच्या याच दिवसांत तिकडे बोहाडे असतात. संग्रहालयाच्या माणसांनी सोंगांची छायाचित्रे व एक कोरी वही घेऊन मोखाड्याला जावे. तेथल्या म्हाताऱ्यांना सोंग दाखवावे, आणि ते सांगतील ते नाव लिहावे.