महाबळेश्वरचे तांबडे शेवाळ

बॅट्रॅकोस्पर्मम हे गोड्या पाण्यातले तांबडे शैवाल. पण रंगाने बहुधा हिरवट-निळसर किंवा तपकिरी. बुळबुळीत, मण्यांच्या माळेसारख्या तंतूंमुळे वनस्पतिशास्त्रज्ञ रोथ यांनी 1797 मध्ये ‘बेडकाची अंडी’ या अर्थाचे हे नाव दिले. रंगावरून वर्ग ओळखायला जाणारा येथे हमखास फसतो.

या शैवालाच्या जीवनचक्राने अभ्यासकांना दीर्घकाळ चकवले. खडकावर केसाळ ठिपक्यांसारखी वाढणारी ‘शँट्रान्सिया’ स्वतंत्र वनस्पती मानली जाई. ती याच शैवालाची एक अवस्था असल्याचे फ्रान्सच्या सिरोदो यांनी दाखवले. त्यांचा मोठा ग्रंथ 1884 चा. नरपेशींना कशाभिका नसते, त्या प्रवाहाबरोबर वाहत येऊन स्त्रीअंगाच्या लांब टोकाला चिकटतात. फलनानंतरच्या बीजाणूंतून शँट्रान्सिया उगवते, तिच्यात अर्धसूत्री विभाजन होते आणि तिच्यावरच नवी माळ फुटते.

महाराष्ट्रातली ठळक नोंद महाबळेश्वरची. बालकृष्णन आणि चौगुले यांनी 1980 मध्ये ‘बॅट्रॅकोस्पर्मम महाबळेश्वरेन्सिस’ या जातीचे वर्णन केले. सावलीतले थंड, नितळ, वाहते झरे हे या वंशाचे आवडते घर.

महाबळेश्वरच्या झऱ्यांपेक्षा परभणी जिल्ह्याचे पाणी निराळे. गंगाखेडजवळची गोदावरी पावसाळ्यात काळ्या मातीने गढूळ होते, उन्हाळ्यात डोहांत तापते. जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाने पूर्णा अडवली आहे. असे कोमट, संथ पाणी कॉम्प्सोपोगॉन या दुसऱ्या तांबड्या शैवालाला अधिक मानवते.