मांडीवरचं बाळ आणि गाडीतली सीट

गणपतीला कोकण, मे महिन्यात आजोळ. सहा-आठ तासांचा रस्ता, डिकी खच्चून भरलेली. आणि बाळ कुठे? पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर. बाहेरची गंमत दिसते, एसीचा वारा लागतो, रडत नाही. आजचा एपिसोड या मांडीचाच इतिहास आहे.

गंमत म्हणजे, मुलांची कारसीट आली तेव्हा तिचा सुरक्षेशी काही संबंधच नव्हता. १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेत मिळणाऱ्या सीट कशासाठी होत्या? पोरगं एका जागी बसावं, थोडं उंच बसून त्याला बाहेरचं दिसावं. धातूची चौकट, त्यावर कापड, आणि ती पुढच्या सीटच्या पाठीला नुसती अडकवलेली. थोडक्यात, सोय आईबाबांची.

१९५६ मध्ये अमेरिकेत इंटरस्टेट महामार्गांचा कायदा झाला. रस्ते रुंद झाले, वेग वाढला, सुट्टीत मुलाबाळांसकट शेकडो मैल जाणं नेहमीचं झालं. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिनने आजचा तीन टोकांचा सीटबेल्ट आणला. पण तो मोठ्यांच्या मापाचा. बाळांचं काय?

उत्तर आलं स्वीडनमधून. बर्टिल आल्डमन नावाच्या डॉक्टरने नासाच्या जेमिनी यानातल्या आसनांवरून कल्पना घेतली. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीर पाठीवर रेलून असतात, त्यामुळे जोर सगळ्या पाठीवर विभागला जातो. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक. मग त्याला मागे तोंड करून बसवलं तर? १९६४ मध्ये त्याच्या सीटचा नमुना तयार झाला. ही सीट बाळाच्या शरीराचा विचार करून बनली.

पण सीट बनली म्हणून लोक वापरतात असं थोडंच आहे! अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने पाठपुरावा केला आणि १९७८ पासून लहान मुलांसाठी कारसीट सक्तीची झाली. अमेरिकेतलं हे पहिलं राज्य. मात्र कायद्यात एक पळवाट राहिली: मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर चालेल. म्हणजे आपली मांडीच! टीकाकारांनी या तरतुदीला 'मूल चिरडणारी दुरुस्ती' असं नाव ठेवलं. १९८१ मध्ये ती काढली. १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत असे कायदे आले.

'चिरडणारी' का? साधं गणित करू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर १० किलोचं बाळ धरून ठेवायला साधारण १४० किलो पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याच आईच्या हातात ती नसते. वर तिने बेल्ट लावला नसेल, तर तिचं सगळं वजन बाळावर येतं.

"आम्ही नाही का असेच वाढलो?" हे घरात कुणीतरी म्हणणारच. पण ते रस्ते आठवा. जुन्या घाटात गाडी रांगत चढायची. २००२ पासून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. रस्ता बदलला, मांडी तीच राहिली.

आपल्याकडे कायदा आलाय. २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना असेल, तर चालकाला १००० रुपये दंड. २०२३ मध्ये सुरू झालेली भारत एनकॅप चाचणी गाडीला मुलांच्या सुरक्षेचे वेगळे स्टार देते. पण स्टार गाडीला मिळतात. बाळ मांडीवर असेल तर त्यांचा बाळाला काय उपयोग?

तर, सीट मागच्या बाजूला बसवा. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच नको. आणि बाळ रडलं? दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा, बाळाला बाहेर काढा, हातपाय मोकळे होऊ द्या. चहा आपणही घेऊ. गावाला तासभर उशिरा पोचलो तर आजी चार शब्द बोलेल, तेवढं ऐकून घेऊ.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या ताई-दादाला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!