पॉवर प्रेस : धोके व नियंत्रण
पत्रा कापणे, त्याला भोके पाडणे व आकार देणे यांसाठी वापरल्या जाणाऱ्या या यंत्रात वरचा पंच खालच्या डायवर आदळतो. माल ठेवायला हात जातो तो या दोहोंच्या मध्येच. बोटे तुटतात ती तेथे. चाकण, वाळूज, अंबड येथील वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांत असे प्रेस सर्रास दिसतात.

जुन्या प्रेसला की-क्लच असतो. पेडल दाबले की रॅम (पंच धरून खाली-वर होणारा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये अडवता येत नाही. की झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पेडल न दाबताही दुसरा ठोका पडतो. अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आडवा येताच रॅम थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवणे ही निव्वळ शोभा. त्याचा उपयोग रॅम मध्येच थांबवता येणारा फ्रिक्शन क्लच असेल तरच. जुन्या प्रेसला खरा उपाय डायभोवतीची पक्की जाळी, बोट न शिरेल इतकीच फट ठेवणारी. दोन्ही हातांनी दाबायची बटणे असली, तरी एक बटण पाचर मारून कायमचे दाबलेले नाही ना, हे तपासनिसाने आधी पाहावे. नगावर मजुरी मिळत असेल तेथे तर नक्कीच. चिमटे व हातमोजे यांचा विचार सर्वांत शेवटी. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम संरक्षक कुंपण घालणे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने बंधनकारक केले.