मुंबईची हवा

दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी मुंबईची बोट थांबायची, पडाव तिला जाऊन भिडायचे आणि चाकरमानी ट्रंका-वळकट्यांसह उतरायचे. आजी सांगायची, बोटीतून दोन तऱ्हेची माणसं येत. शिमग्याला येणारी आणि खोकत येणारी. खोकत आलेला सहसा परत जात नसे. "मुंबईची हवा लागली त्येला," एवढ्यावर गाव थांबायचं.

आजीचे थोरले दीर गिरणीत कारडिंग खात्यात होते. तिथं कापूस विंचरला जातो आणि त्याची बारीक तुसं दिवसभर हवेत तरंगतात. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेलं की त्यांची छाती आवळून यायची, आठवडा सरत आला की मोकळी व्हायची. पुढं पुढं ती मोकळी होईनाशीच झाली. वैद्यकात या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. नंतर कारखाना कायद्यानं ते सरकारला कळवायच्या रोगांत घातलं. या थोरल्या आजोबांच्या कागदावर मात्र गिरणीच्या डॉक्टरनं 'दमा' लिहिलं होतं. दम्याला भरपाई नव्हती.

त्यावर क्षय आला. संध्याकाळचा बारीक ताप, मग थुंकीत रक्त. दगड-कोळशाच्या खाणीत सिलिकाची धूळ फुप्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशीच मारते, म्हणून खाणकामगाराला क्षय लवकर गाठतो. कापसाच्या धुळीबद्दल इतकं सरळ बोलता येत नाही. गिरणगावातली खोली मात्र विसरून चालणार नाही. एका खोलीत गावचे डझनभर गडी. दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. एक खोकला की सगळ्यांच्या श्वासात जंतू.

विणकाम खात्यात आणखी एक गोष्ट होती. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढायचा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना. याच कारणानं त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. विटाळ होईल म्हणून. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय उघडपणे पुढं आणला. एकमेकांच्या थुंकीतून रोग येईल याचं भय कुणाला नव्हतं, माणसाच्या जातीचं होतं. हे लिहिताना आजही संताप येतो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्येच दाखवला होता, पण स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडलं. तोवर डॉक्टर सांगत, गावी जा, हवा बदला. थोरले आजोबा गावी आले, पडवीत झोपू लागले. मागोमाग त्यांची बायको, थोरली आजी, खोकू लागली. दोघं दाभोळातच गेली, त्यामुळं मुंबईच्या मृत्यूंच्या नोंदीत त्यांचं नाव कधी आलंच नाही. अशी किती घरं असतील! ज्या पैशावर आमची कौलं चढली, त्याची ही किंमत कुठल्याच वहीत लिहिलेली नाही.

आज क्षय सहसा सहा महिन्यांच्या औषधानं बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात तपासणी नि गोळ्या फुकट मिळतात. तुमच्या घरात गिरणीत, खडी क्रशरवर किंवा खाणीत राबलेलं कुणी असेल आणि खोकला दोन आठवड्यांवर टिकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, या माणसानं आयुष्यभर काय काम केलं ते.