पालखीतून आलेलं रोपटं

जुलै उजाडला की सोलापुरातल्या बहुतेक महाविद्यालयांत एक कार्यक्रम ठरलेला. राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं आदल्या दिवशीच खड्डे खणून ठेवतात. पाहुणे येतात, रोप हातात धरतात, झारीनं पाणी घालतात. मग फोटो, दोन शब्द, चहा. अलीकडे महाविद्यालयांच्या नॅक मूल्यांकनात ‘हरित परिसर’ विचारतात, त्यामुळे या फोटोंची फाइलही ठेवावी लागते. ही रीत आली कुठून?

वनमहोत्सवातून, असं उत्तर सहज मिळतं. १९५० साली केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो देशभर सुरू केला, हे खरंच. पण शिक्षणसंस्थेच्या आवारात वाजतगाजत झाड लावायची चाल त्याहून जुनी आहे. १४ जुलै १९२८ रोजी रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव केला. रोपटं सजवलेल्या पालखीत बसवून, गाणी म्हणत मिरवत आणलं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश अशी पंचमहाभूतं झालेली मुलं सोबत होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या श्रीनिकेतनात नांगरणीचा उत्सव झाला. आपल्याकडच्या फीत-झारीच्या कार्यक्रमाचं कूळ मला त्या पालखीतच दिसतं. वाटेत गाणी गळाली आणि भाषणं शिरली, एवढंच.

हे शांतिनिकेतनातच का झालं, याचं कारण जमिनीत आहे. बीरभूमचा तो भाग म्हणजे पावसानं ओरबाडलेला तांबडा, उघडा माळ. १८६३ साली रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ यांनी तिथली वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्यानं घेतली, तेव्हा सावलीला सातवीणीची दोन झाडं होती. शांतिनिकेतनातल्या विश्वभारती विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात आजही सातवीणीची पानं देतात. जिथं झाड मुळातच दुर्मीळ, तिथंच ते लावण्याचा सण होतो.

सोलापूरकरांना यात एक जवळचा धागा सापडेल. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते आणि नोकरीनिमित्त सोलापुरातही राहिले. १८८९ साली रवींद्रनाथ त्यांच्याकडे मुक्कामाला होते आणि ‘राजा ओ रानी’ हे नाटक त्यांनी इथंच लिहिलं.

आपल्याकडच्या विद्यापीठांना हिरवाई वेगवेगळ्या वाटांनी मिळाली. १८५७ चं मुंबई विद्यापीठ सुरुवातीला फक्त परीक्षा घेणारं. त्याला आवाराची गरजच नव्हती. पुण्याला १९४९ साली गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला मिळाला आणि त्याबरोबर जुने वडही आयते आले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला १९६२ साली सागरमाळ मिळाला. सोलापूर आधी याच विद्यापीठाच्या छत्राखाली होतं. १ ऑगस्ट २००४ रोजी एका जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ झालं, २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. पुणे रस्त्यावर केगावला त्याचं ४८२ एकरांचं आवार आहे. म्हणजे वारसा पुण्यासारखा नाही, शांतिनिकेतनासारखा: माळाचा.

या माळावर खड्डा घेणं म्हणजे काय, ते पहार हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वरची वीतभर माती सुटते, मग मुरूम लागतो आणि पहार ठणकन वाजते. म्हणून जाणती माणसं एप्रिल-मेमध्येच खड्डे घेतात, ते उन्हात तापू देतात, शेणखत आणि गाळाची माती भरतात आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप लावतात. तिथून खरं काम सुरू. सोलापूरचा पाऊस लहरी, त्याचा भरवसा सप्टेंबरात; जूनमध्ये लावलेलं रोप ऑगस्टच्या उघडिपीत मान टाकतं. त्यातून वाचलं तरी पुढच्या मार्च ते मे टँकरनं पाणी घालावं लागतं, आळ्यात पाचट टाकावं लागतं. त्यावेळी फोटो काढायला कुणी नसतं. पाणी अडवायचं कसं, हे सांगायला बाहेरून कुणाला बोलवायचीही गरज नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ पासून आहे, आणि बांध घालून ओल धरून ठेवणं हाच त्याचा मूळ धडा.

पण मला दुसरीच गोष्ट जास्त खटकते. माळ म्हणजे ‘पडीक’ असं आपण धरून चालतो. जुलैत तिथं पवन्या आणि मारवेल फुटतं, कुसळी गुडघ्याला लागते. डिसेंबरात सगळं पिवळं पडतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, इथं काही नाहीच. तिथं चंडोल जमिनीवर घरटं करतो, टिटवी उघड्यावर अंडी घालते, खोकड बीळ करते. शहरापासून जवळच, बार्शी रस्त्यावर नान्नजला, याच गवतात राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक अंडं उघड्या जमिनीवर घालतो आणि चारी दिशांना नजर पोचेल अशीच जागा निवडतो. दाट झाडी त्याच्या कामाची नाही. अशा गवतात गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की कागदावर हिरवळ वाढते आणि माळ मात्र संपतो.

झाडं लावू नयेत, असं माझं म्हणणं नाही. वर्गांभोवती, वसतिगृहांच्या वाटेवर, ग्रंथालयासमोर कडुनिंब, वड, चिंच हवीच. मे महिन्यात चाळिशीपार पारा असताना परीक्षेला आलेल्या पोराला सावली मिळणं ही चैन नव्हे. पण रोपांचा आकडा वाढवण्यासाठी सगळं आवार खणून काढू नये. पंचवीस-तीस एकरांचा एक तुकडा ‘गवताळ माळ’ म्हणून राखून ठेवावा. तिथं खड्डे घेऊ नयेत, उन्हाळ्यात वणव्यापासून सांभाळावा, आणि वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी तिथल्या गवतांची, पक्ष्यांची नोंद ठेवावी. पुढच्या जुलैत पाहुण्यांच्या हाती रोप द्याल, तेव्हा त्यांना एकदा या तुकड्यावरही घेऊन जा.