जठरातला बिऱ्हाडकरू

पोटात व्रण झाला की ‘काळजी सोडा, तिखट सोडा’ हा सल्ला ठरलेला असे. जठरातल्या आम्लात जंतू टिकायचाच नाही, ही विद्वानांची खात्री! पण १९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी डॉ. रॉबिन वॉरेन यांना सुजलेल्या जठरत्वचेवर वाकडे जंतू दिसले. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बशा पाच दिवस उबवणपेटीत राहून गेल्या, आणि ते वाढले! तरी पुष्कळांना पटेना. तेव्हा १९८४ मध्ये डॉ. बॅरी मार्शल ते जंतू स्वतःच प्याले. दहाव्या दिवशी तपासले, तो जठराला सूज!

हे घडतं कसं? हा हेलिकोबॅक्टर पायलोरी पोहत जठराच्या बुळबुळीत थरात शिरतो. अंगावरच्या प्रथिनांनी पेशीवरील शर्करेच्या साखळ्या घट्ट धरतो. त्याच्या काही जाती तर सुईसारख्या नळीतून आपलं प्रथिन पेशीत टोचतात. पेशी रासायनिक हाक देते. पांढऱ्या पेशी धावून येतात. सूज ती हीच. फौज आपली, पण बिऱ्हाडकरू हटत नाही, लढाई वर्षानुवर्षे चालते, आणि जळतं ते आपलंच घर.

२००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोग्यांना त्याहून मोठे मिळाले: जंतुनाशक औषधांनी बरे होण्याची वाट, आणि ‘दोष तुझ्या स्वभावाचा’ या बोलातून सुटका.